बोटाखालची जागा

"मग आप्पा, पाणी सोडायचं कधी?"

"आधी पी तरी," आप्पा म्हणाले.

सुनेनं आणून ठेवलेला गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या संग्रामपुढं होता. आजऱ्याकडं पाहुणा दारात आला की आधी गूळपाणी, मग काय ते बोलणं. संग्रामनं गूळ तोंडात टाकला. पाण्याला हात लावला नाही.

"पाण्याशी आपलं संपलं आता," तो हसून म्हणाला.

आपण फार मार्मिक बोललो असं त्याला वाटलं. वयच तसं होतं.

आप्पा हसले नाहीत. मांडीवर एक जाडजूड, काळं पडलेलं तांब्याचं भांडं घेऊन ते चिंचमिठानं घासत बसले होते. संग्रामची नजर त्या भांड्यावरून हलत नव्हती. त्याच्यासाठीच तर तो इचलकरंजीहून गाडीच्या मागच्या सीटवर यंत्र बांधून, एकेक खड्डा चुकवत आला होता.

हा छंद ज्यांना ठाऊक नाही त्यांना एवढं सांगितलं की पुरे. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला कंपनीनं एक वेग ठरवून दिलेला असतो. काहींना तो पुरत नाही, ते त्याला आणखी पळवतात. पळवला की तो तापतो, तापला की मरतो, म्हणून सगळा खेळ त्याला गार ठेवण्याचा. पंख्यावर भागेना की लोक पाण्यावर येतात. प्रोसेसरच्या डोक्यावर एक ठोकळा, ठोकळ्याला नळ्या, आणि नळ्यांतून फिरतं पाणी.

संग्राम इंगवले पाण्यातला राजा होता. राज्यात त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. हे तो स्वतःच सांगायचा, दुसऱ्याला तसदी नको म्हणून.

पाण्याच्या पुढं काय? पुढं द्रव नायट्रोजन, उणे एकशे शहाण्णव अंश. मग नळ्या नाहीत की पंप नाही. प्रोसेसरवर तांब्याचं एक उभं भांडं बसवायचं आणि त्यात तो धुरकट, उकळता गारठा ओतत राहायचं. आप्पांच्या मांडीवर होतं ते हेच भांडं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कातून घेतलेलं.

आता हे आप्पा कोण? तर डॉक्टर गुरुसिद्ध कडलगे, जनावरांचे. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठीच्या वीर्याच्या कांड्या नायट्रोजनमध्ये जपून ठेवतात. त्याची टाकी मोटरसायकलला बांधून त्यांनी हयातभर तालुका पालथा घातला. निवृत्त झाले तेव्हा नातवानं टाकून दिलेला कॉम्प्युटर हाती आला, आणि या गृहस्थांच्या मनात आलं की म्हशीला जे चालतं ते याला का चालू नये. पुढं त्यांनी जे करून दाखवलं ते या छंदातल्या लोकांना अजूनही खरं वाटत नाही.

पण अलीकडं आप्पांचे हात थरथरायला लागले होते. नायट्रोजन ओतणाऱ्याचा हात स्थिर हवा. आप्पांनी गाजावाजा न करता भांडं खाली उतरवलं. ते आता कुणाला देतात, याच्यावर या मंडळींत चर्चा सुरू होती.

संग्रामला ते हवं होतं. तसं भांडं त्याला दुसरीकडूनही करून घेता आलं असतं, पण त्याला ते आप्पांच्या हातून हवं होतं. त्याच्या यंत्रात एक प्रोसेसर होता, लाखात एक, वर्षानुवर्षं धुंडाळून सापडलेला. पुण्याच्या मेळाव्यात तो या भांड्याखाली पळवायचा, एवढा एकच विचार घेऊन तो उठत होता नि झोपत होता. भांडं नाही मिळालं तर तो आहेच पाण्यातला राजा. पाण्यातला राजा तर बेडूकही असतो, असं आता त्याला वाटायला लागलं होतं.

"मी तयार आहे, आप्पा," तो म्हणाला.

"हं."

"खरंच तयार आहे."

आप्पांनी चिंचेचा नवा गोळा घेतला आणि घासत राहिले.

सोप्यातून बाहेरचं काही दिसत नव्हतं. भाद्रपदाचं धुकं अंगणातल्या फणसापर्यंत येऊन बसलं होतं. कोपऱ्यात आप्पांचा जुना कॉम्प्युटर उघडाच पडलेला, कुठलंसं कन्नड वचन, म्हणजे शिवभक्तांचं पद, हळू आवाजात गात होता. सून शेजारणीची वाटी परत द्यायला म्हणून बाहेर आली, पायरीवरून पुन्हा आत वळली, मूठभर घनसाळ तांदूळ वाटीत टाकले आणि मग गेली. शेजारची वाटी रिकामी कशी द्यायची?

"बोर्डाला लेप दिलास?" आप्पांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे संग्रामला ठाऊकच होतं. नायट्रोजनचं भांडं इतकं गार पडतं की भोवतालच्या हवेतलं पाणी त्याच्यावर गोळा होतं आणि खाली बोर्डावर उतरतं. चालत्या बोर्डावर पाणी गेलं की प्रोसेसरसकट सगळं खलास. म्हणून बोर्डाला आधी बिनरंगाच्या नेलपॉलिशचा लेप द्यायचा आणि वरून पेट्रोलियम जेली थापायची. त्यात हा आजरा. इथं काडेपेटीसुद्धा चुलीजवळ ठेवावी लागते.

"तीन हात दिलेत," संग्राम म्हणाला. "वरून जेली."

"कुठं राहिलं का?"

"केसाएवढीसुद्धा जागा नाही."

"खात्री आहे?"

"तुम्ही स्वतः बघा की आप्पा. आणलंय ना दाखवायला."

त्यानं यंत्र चौरंगावर मांडलं होतंच. या छंदात यंत्राला पेटी नसते, बोर्ड असा उघडाच ठेवतात. एका बाजूला किंचित कलता बोर्ड, मधोमध तो पाण्याचा ठोकळा, आणि ठोकळ्यातून निघालेल्या काचेसारख्या नळ्या, निळं पाणी भरलेल्या. नळ्यांची वळणं संग्रामनं स्वतः गरम हवेवर वाकवलेली. बघणाऱ्यानं बघत राहावं असं काम होतं. ते खोटं कशाला बोला.

आप्पांनी बसल्या जागेवरून पाहिलं.

"चालू कर."

संग्रामनं चालू केलं. पंप गुरगुरला, पंखे फिरले, छोट्या पडद्यावर आकडे आले. आता आप्पा वाकून लेप बघतील, मान डोलावतील, एवढं तर त्यानं येताना गाडीतच मनाशी बघून ठेवलं होतं.

आप्पांनी भांडं बाजूला ठेवलं. धोतराला हात पुसले. उठले, आणि संग्रामपुढचा तो न प्यालेला पाण्याचा तांब्या उचलून त्याच्याकडं आले. तांब्या हातात थरथरत होता.

"नको म्हणालो की, आप्पा."

आप्पांनी तांब्या चालत्या बोर्डावर कलता केला.

...

हात कधी गेले, कसे गेले, ते संग्रामला कळलंच नाही. दोन्ही तळवे बोर्डावर आडवे झाले होते. पाणी ओंजळीत आलं, मनगटावरून बाहीत गेलं, बाहीतून शेणानं सारवलेल्या जमिनीवर. बोर्डावर एक थेंब पडला नव्हता.

आप्पांनी तांब्या सरळ केला. अर्धा अजून भरलेला होता.

संग्रामच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आप्पा... हे काय केलंत?"

"लेप बघितला."

"असा बघतात?"

"मग कसा बघतात?"

संग्रामनं ओले हात शर्टाला पुसले.

"केसाएवढी जागा नाही म्हणालास," आप्पा म्हणाले. "मग हात कशाला आणलास मधे?"

आधी त्याला राग आला. एवढ्या लांबून आलेल्या माणसाच्या जन्माच्या ठेव्यावर कुणी पाणी ओततं काय? म्हातारा चळला, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. आणि रागाच्या भरात माणूस जे बोलू नये तेच बोलतो.

"दुसऱ्याच्या बोर्डावर ओतायला काय जातंय, आप्पा. स्वतःच्या बोर्डावर ओता बघू."

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. मग ते कोपऱ्यात गेले आणि उरलेलं सगळं पाणी त्या गाणाऱ्या कॉम्प्युटरवर रिकामं केलं.



पाणी बोर्डावरून वाहिलं, कडेला थबकलं, मेजाच्या पायावरून खाली उतरलं. पंखा फिरत राहिला. वचनाचं एक अक्षर चुकलं नाही की अडखळलं नाही. जणू या घरात हे रोजचंच होतं.

तो जवळ गेला. वाकून पाहिलं. लेप जुन्या तुपासारखा पिवळा पडलेला, पण बोर्डाच्या एकूण एक खाचेत, टाक्याटाक्यात शिरलेला. पाण्याचे थेंब त्याच्यावर अळूच्या पानावर असावेत तसे बसले होते. संग्राम तसाच उकिडवा बसून राहिला. आपण एवढं कधी केलेलं नाही, हे त्याला लख्ख दिसलं. फार लाज वाटली.

आप्पा आपल्या जागेवर जाऊन पुन्हा भांडं घासत होते.

...

"आप्पा."

"बोल."

"ते भांडं..."

"घासतोय."

मग संग्राम उठला. रिकामा तांब्या त्यानं माठातून स्वतः भरला आणि आप्पांपुढं धरला.

"ओता," तो म्हणाला. "आता हात मधे येणार नाहीत."

"नक्की?"

"ओता, आप्पा."

त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि बोटं बोटांत अडकवून घट्ट धरली. इचलकरंजीचा गडी, मागं हटायचं ठाऊक नाही. मेला तर मेला प्रोसेसर, पण म्हाताऱ्यासमोर पुन्हा शोभा नको, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

आप्पा उठले. तांब्या घेतला. हात थरथरत होता, तांब्यातलं पाणीही थरथरत होतं.

संग्रामनं बोर्डाकडं पाहिलं. आणि त्याचे डोळे आपोआप एका जागी गेले.

ठोकळ्यातून निघालेली वरची नळी जिथं खाली वळते, तिच्या बगलेत ती जागा होती. अंगठ्याच्या नखाएवढी. तिथं ब्रश जात नव्हता. नळी काढली असती, ठोकळा उचलला असता, तर गेला असता. लेप दिला त्या दिवशी तो पाना हातात घेऊन त्या नळीसमोर बसून राहिला होता. किती नळ्या मोडल्या तेव्हा ते एक वळण साधलं होतं. शेवटी त्यानं पाना खाली ठेवला. पाण्याशी संपलं म्हणणाऱ्याला पाण्याची एक नळी सोडवली नव्हती. भांडं बसवताना बघू, असं तो मनाशी म्हणाला. मग लोकांना सांगायला लागला की केसाएवढी जागा नाही. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं होतं.

तांब्या कलला. काठावर पाणी जमलं.

"थांबा."

आप्पा थांबले.

"एक जागा राहिलीय."

...

"कुठं?"

पाठीमागचा उजवा हात सुटून पुढं आला. संग्रामनं नळीखाली बोट घातलं आणि त्या जागेवर टेकवलं.

"इथं."

"का राहिली?"

"नळी काढावी लागली असती. काढवेना, आप्पा. फार जीव लावून बसवलीय."

झालं. आता आप्पा तांब्या खाली ठेवणार, भांडं फडताळात जाणार आणि आपण गाडीत बसायचं, हे त्याला कळून चुकलं. गेलं भांडं. आपल्याच तोंडानं घालवलं. एवढ्या मोठ्या बाप्याला त्या क्षणी रडू येईल की काय असं झालं. तो बोट काढायला लागला.

"बोट काढू नको," आप्पा म्हणाले.

आणि त्यांनी ओतलं.

हात मधे घालावा हे संग्रामला सुचलंच नाही, कारण हात तिथंच होता. गार पाणी बोर्डाच्या वरच्या कडेला पडलं आणि उतारानं सरळ त्याच्या बोटाकडं आलं. बोटाला येऊन अडलं. मग दुभंगून दोन्ही अंगांनी खाली गेलं, बोर्डाच्या कडेवरून जमिनीवर. आप्पा ओतत राहिले. अख्खा तांब्या. शेवटचा थेंबसुद्धा झटकला.

पंखे फिरत होते.

पडद्यावरचे आकडे होते तिथंच होते.

संग्राम त्या आकड्यांकडं बघत राहिला. मग बोर्डाकडं. सगळीकडं थेंब बसले होते, अळूवर बसावेत तसे, आणि हा बोर्ड त्याचा होता, लेप त्याच्या हातचा होता. जेवढं खरं लावलं होतं तेवढं खरंच लागलं होतं. म्हाताऱ्यानं पाणी ओतलं याच्यापेक्षा या गोष्टीनं तो जास्त हादरला. आपल्या कामाची फुशारकी त्यानं गावभर मारली होती, पण त्याच्यावर विश्वास त्याचाच नव्हता.

आणि ओतताना आप्पांचा हात थरथरला नव्हता. हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"बंद कर आता," आप्पा म्हणाले.

त्यानं डाव्या हातानं बंद केलं. पंखे थांबले. वचन तेवढं कोपऱ्यात चालू होतं.

"बोट काढ की."

"हो," संग्राम म्हणाला. पण बोट निघायला जरा वेळच लागला.

मग त्यानं पिशवीतून पाना काढला, नळीच्या तोंडाची चकती सैल केली आणि ती वळणाची नळी ओढून काढली. आतलं निळं पाणी भळकन बाहेर आलं, जमिनीवरच्या पाण्यात मिसळलं, उंबऱ्याकडं गेलं. दुसरी नळी काढली. मग ठोकळा उचलला. वाकवलेल्या नळ्या भिंतीशी ओळीनं ठेवल्या आणि त्यांच्याकडं एकदाच पाहिलं. वाईट वाटलंच. न वाटून कसं चालेल?

आप्पांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी भांड्यावरची चिंच धुऊन काढली, फडक्यानं पुसलं, पुन्हा धुतलं. तांबं आता नव्या नवरीच्या घागरीसारखं लाल झालं होतं. मग त्यांनी माठाचं झाकण काढलं आणि ते भांडं पाण्यानं काठोकाठ भरलं.

संग्राम बघतच राहिला. ज्या भांड्यात आप्पांनी सारी उमेद ओतली, ज्याला लोक नमस्कार करायला येत, त्यात माठातलं साधं पाणी.

आप्पांनी ते दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरलं. हात पुन्हा थरथरत होते. पाणी काठावरून त्यांच्या बोटांवर सांडत होतं.

"आप्पा, हे..."

"तहान नाही लागली?"

लागली होती. केव्हाची लागली होती. गुळाची गोडी तोंडात वाळून गेली होती आणि घशाला कोरड पडली होती.

त्यानं दोन्ही हात पुढं केले. भांडं दिसत होतं त्याच्यापेक्षा जड होतं. आप्पांनी सोडलं तसा त्याचा हात खाली गेला, सावरला.

"पण माझी ती जागा अजून राहिलीय," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मग हे मला... आजच?"

आप्पा खाली बसले. चिंचेनं काळी झालेली बोटं धोतराला पुसत त्यांनी गुळाचा डबा पुढं सरकवला.

"पी," ते म्हणाले. "आणि परत द्यायला येशील तेव्हा भांडं रिकामं आणू नको."